फ्रेंचच्या फ्यूत्यूर आंतेरियरचं ऑनलाइन युनिट : समजावतात मस्त, सराव मात्र तोकडा

कोर्स बी १ लेव्हलच्या सगळ्याच काळांचा आहे पण मी रिव्ह्यू मुद्दाम फक्त फ्यूत्यूर आंतेरियरच्या, म्हणजे पूर्ण भविष्यकाळाच्या, युनिटचा लिहितेय. बाकीचे काळ बऱ्याच ठिकाणी नीट शिकवलेले सापडतात, ह्याला मात्र सहसा एक तक्ता आणि चार वाक्यांत उरकतात. इथे उरकलेलं नाही, आणि त्यासाठीच मी हा कोर्स कोणालाही सांगेन, खाली ज्या तक्रारी करणारे त्या धरूनसुद्धा.

काळ कशासाठी, तर पुढे एखाद्या वेळेपर्यंत किंवा पुढच्याच दुसऱ्या एखाद्या क्रियेच्या आधी जे झालेलं असेल ते सांगायला. आणि आपल्याला मराठीत हे रोजचं आहे. "तू येशील तोपर्यंत माझं जेवून झालेलं असेल" हे वाक्य बोलताना कोणी थांबून विचार करत नाही. म्हणून मला वाटतं मराठी माणसाने हा काळ इंग्रजीच्या वळणाने शिकूच नये, सरळ "असेल"वरून शिकावा. कोर्स इंग्रजीतून आहे त्यामुळे ते तसं सांगत नाहीत, पण त्यांनी उदाहरणं इतकी छान निवडलीयेत की हा धागा आपोआप हाताला लागतो.

रूप बनवायचा भाग पहिल्याच व्हिडिओत संपतो आणि ते योग्यच आहे. सहायक क्रियापद आवुआर (जवळ असणं) किंवा एत्र (असणं), ते फ्यूत्यूर सॅंप्लमध्ये, म्हणजे साध्या भविष्यकाळात घ्यायचं, पुढे मुख्य क्रियापदाचं पार्तिसिप पासे, म्हणजे "केलेलं", "गेलेला" सारखं रूप लावायचं, झालं. झोरे फिनी, त्यू ओरा फिनी, नू झोरों फिनी, म्हणजे माझं, तुझं, आमचं संपलेलं असेल. ज्यांना पासे कॉम्पोझे (बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ) येतो त्यांनी फक्त सहायकाचं रूप बदलायचं, कुठल्या क्रियापदाला एत्र लागतं ती यादी तीच आहे (आले, व्हनीर, पार्तीर, आरिव्हे, नेत्र, मूरीर, तोंबे वगैरे, आणि सगळी स म वाली, म्हणजे "स्वतःला" जोडून येणारी, क्रियापदं). ज्यांना पासे कॉम्पोझे अजून कच्चा आहे त्यांनी हे युनिट उघडूच नका, आधी तिकडे जा, कारण ल्यू, प्री, व्ह्यू, एक्री, उव्हेर ही अनियमित पार्तिसिप इथे कोणी पुन्हा शिकवत नाही.

दुसऱ्या व्हिडिओत मोंते, देसांद्र, सोर्तीर, पासे ह्या दोन्हीकडे जाणाऱ्या क्रियापदांवर चांगला वेळ दिलाय. एल सरा मोंते म्हणजे ती वर गेलेली असेल, आणि एल ओरा मोंते ला व्हालीझ म्हणजे तिने बॅग वर नेलेली असेल. पुढे कर्म आलं की एत्र जाऊन आवुआर येतं. हे आपल्याला पटकन बसायला हवं कारण मराठीतही "ती गेली असेल" आणि "तिने बॅग नेली असेल" ह्यात वाक्याची घडण बदलतेच की, कर्म आलं आणि "ती"ची "तिने" झाली.

आता अकोर, म्हणजे लिंग-वचनाची जुळवणी. एत्र असेल तर पार्तिसिप कर्त्याप्रमाणे बदलतं, तो गेला असेल, ती गेली असेल, ते गेले असतील, हुबेहूब आपल्यासारखं. आवुआर असेल तर कर्त्याशी काही संबंध नाही, आणि कर्म जर आधी येऊन गेलं असेल तरच त्याच्याशी जुळवायचं. झोरे एक्री ला लेत्र, इथे काही बदल नाही. पण ला लेत्र क झोरे एक्रीत, म्हणजे मी लिहिलेलं असेल ते पत्र, इथे लेत्र स्त्रीलिंगी आणि आधी आलं म्हणून शेवटी ई अक्षर लागतं आणि त ऐकू येतो. व्हिडिओत हे नुसतं फळ्यावर लिहून सोडलं नाही तर दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून दाखवलीत, फार बरं केलं, कारण पार्तीसारख्या क्रियापदात तो ई ऐकूच येत नाही आणि मग शिकणाऱ्याला वाटतं हा सगळा स्पेलिंगचा मामला आहे.

मात्र उच्चाराच्या बाबतीत एक मोठी गोष्ट राहून गेलीये. आवुआरची सहा रूपं लिहायला वेगळी पण कानाला तीनच, ओरे, ओरा, ओरों. मी आणि तुम्ही सारखे, तू आणि तो सारखे, आम्ही आणि ते सारखे. एत्रच्या सरे, सरा, सरों चंही तसंच. हे आधी सांगितलं असतं तर ऐकायचे व्यायाम निम्म्याने सोपे गेले असते. आणि कॉंदिसिओनेल पासे, म्हणजे "केलं असतं" वालं रूप, त्यात "मी"च्या रूपाला शेवटी एक एस जास्त असतो, बरेच फ्रेंच लोक बोलताना दोन्हींत फरक करत नाहीत, तेव्हा मी केलेलं असेल की मी केलं असतं हे बाकीच्या वाक्यावरूनच ओळखायचं. मराठीत असेल आणि असता इतके लांबलांब आहेत की आपण इथे बेसावध राहतो. ह्यावर एक छोटा व्हिडिओ तरी हवाच होता.

वापराचा भाग हा ह्या युनिटचा जीव आहे. कां आणि लोर्स्क (जेव्हा), दे क आणि ओसितो क (होताच), युन फुआ क (एकदा का), आप्रे क (नंतर), ह्यांच्यामागे भविष्याची गोष्ट असेल आणि ती आधी संपणार असेल तर हा काळ येतोच. कां त्यू ओरा फिनी, त्यू मापेल्रा. तुझं झालं की मला फोन कर. आपण "झालं की" किंवा "झाल्यावर" म्हणतो आणि मोकळे होतो, इंग्रजीतही तिथे भविष्य येत नाही, फ्रेंचमध्ये मात्र दोन्हीकडे भविष्य दिसलं पाहिजे. आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी होणार असतील तर दोन्हीकडे साधा फ्यूत्यूर सॅंप्ल. हा फरक समजवायला त्यांनी एकच प्रसंग दोनदा घेतलाय, पाहुणे येतील तेव्हा जेवू आणि पाहुण्यांचं जेवून झाल्यावर निघू, आणि खरंच डोक्यात बसतं. दिसी वालं वाक्यही आहे, अमुक तारखेपर्यंत झालेलं असेल टाइप, ते तर कामाच्या मेलमध्ये सारखं लागतं.

मग येतो अंदाजाचा वापर आणि इथे मला इतका आनंद झाला की मी व्हिडिओ थांबवून घरच्यांना ऐकवला. ईल ओरा उब्लिये. तो विसरला असेल. ईल ओरा राते सों त्रॅं. त्याची गाडी चुकली असेल. भविष्याचा काळ, पण गोष्ट घडून गेलेली आणि आपण फक्त तर्क करतोय! इंग्रजीतून शिकणाऱ्यांसाठी ह्यावर लांबलचक समजावणी दिलीये, आणि आपण ती सरळ ओलांडून जाऊ शकतो, कारण "असेल"ला ही दोन्ही कामं आपण लहानपणापासून लावतोय. आणखी एक वापर दाखवलाय जो मला कुठेच दिसला नव्हता, दिवस सरल्यावर म्हणतात सेत झुर्ने ओरा एते लोंग, म्हणजे काय लांबला आजचा दिवस. झालेल्या गोष्टीकडे शेवटी वळून बघत हिशोब मांडायचा तेव्हा हा काळ येतो, बातम्यांत आणि श्रद्धांजलीच्या लेखांत खूप दिसतो. इथे मात्र आपलं "असेल" चालत नाही, हे लक्षात ठेवा.

आता सराव. रिकाम्या जागा भरा, रिकाम्या जागा भरा आणि परत रिकाम्या जागा भरा, त्यातही सहायक आधीच देऊन ठेवलेला. म्हणजे सगळ्यात अवघड निर्णय, एत्र की आवुआर, तोच तुमच्याकडून काढून घेतलेला. स्वतः वाक्य बनवायला कुठे जागाच नाही. शब्दांचा क्रम, म्हणजे नकार आणि देझा (आधीच) हे सहायकाच्या आजूबाजूला बसतात (झ नोरे पा फिनी, झोरे देझा मांझे), ह्यावर तर एकही प्रश्न नाही. तपासणी मशीन करतं आणि स्त्री बोलतेय असं वाक्यात स्पष्ट असताना झ सरे पार्ती (मी निघालेली असेन) ला ई लावलेलं उत्तर त्याने चूक दिलं. मी कळवलं, उत्तर सभ्यपणे आलं, दुरुस्ती अजून नाही. ह्याने शिकणाऱ्याचा बरोबर असलेला नियम डळमळतो, म्हणून हे लवकर व्हायला हवं.

सी चा नियमही अर्धाच आहे. जर ह्या अर्थाच्या सी नंतर भविष्य येत नाही, सी त्यू आ फिनी (तुझं झालं असेल तर) असंच म्हणायचं, हे सांगितलंय आणि ते बरोबर. पण की नाही ह्या अर्थाचा सी असला की चालतं, झ न से पा सील ओरा फिनी, त्याचं झालं असेल की नाही माहीत नाही, हे कुठेच नाही, आणि मग अशी वाक्यं समोर आली की माणूस उगाच गोंधळतो.

पाचपैकी चार देतेय, कापलेला एक पूर्ण सरावाचा. घेणार असाल तर व्हिडिओ बघून झाल्यावर त्यांच्या व्यायामांवर थांबू नका, दिवसभरात आजूबाजूच्या माणसांबद्दल "पोचला असेल", "जेवली असेल", "विसरले असतील" असं जे जे मनात येईल ते फ्रेंचमध्ये म्हणून बघा, एत्र का आवुआर ते स्वतः ठरवून.