पायथनच्या नमपाय लायब्ररीचा जुना रँडम (आकडे कसेही, नेम नसलेले काढणारा) सोडून नवा जनरेटर वापरतोय, सात महिने झाले

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, वावर कोरडवाहू, पऱ्हाटी आन् तूर. मृगाचा पाऊस पडला की पेरायचं का थांबायचं हा दरवर्षीचा घोर, पेरलं आन् पावसानं खंड दिला की दुबार पेरणी, बियाण्याचा पैसा मातीत. म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला होता, काल पाऊस होता का नाही त्यावरून आज पडायची शक्यता काढायची, पडला तर किती मिलिमीटर ते गॅमा डिस्ट्रिब्युशनमधून (लहान पाऊस जास्त वेळा, मोठा क्वचित, असा आकड्यांचा साचा) घ्यायचं, असे १०,००० हंगाम चालवायचे आन् त्यातल्या किती हंगामांत दुबार लागली ते मोजायचं.

आधी सगळ्यांसारखंच, वर एकदा सीड (सुरुवातीचा आकडा) ४२ टाकायचा आन् खाली जिथं लागेल तिथं नमपायचा जुना ग्लोबल रँडम, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला मिळून एकच. त्याच्या आत मर्सेन ट्विस्टर (आकडे काढायचं यंत्र) आहे, १९९८ चा, मात्सुमोतो आन् निशिमुरा यांचा, २ चा १९९३७ वा घात वजा १ एवढे आकडे झाल्याशिवाय साखळी परत फिरत नाही. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, आजही नाही. बदललं ते वेगासाठी, नमपाय १.१७ मध्ये (२०१९) जो नवा जनरेटर आला त्यात गॅमाचे आकडे बरेच लवकर निघतात, आन् आमच्याकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉपची बॅटरी दीड तास.

बदलल्यावर पहिल्याच दिवशी उत्तर दोन टक्क्यांहून जास्त हललं. सीड तोच ४२! तसं पाहिलं तर आकडे वेगळे येणारच, सीड म्हणजे फक्त त्या यंत्राची सुरुवात, यंत्रच दुसरं तर साखळीही दुसरी. पण चारातल्या एका हंगामाच्या आसपास उत्तर असेल तर १०,००० मध्ये ते अर्धा-एक टक्का इकडं तिकडं व्हावं, दोन काहून? मले वाटलं नव्याच्या आतलं यंत्र, पीसीजी६४, तेच खराब आहे. मग त्याच्या जागी नमपायमधला दुसरा, फिलॉक्स, लावून पाहिला, एसएफसी६४ लावला, ते तिघंही एकमेकांच्या जवळ, जुनाच एकटा लांब.

चूक जनरेटरची नव्हतीच, माझी होती. काम चार प्रोसेसमध्ये (एकाच वेळी चालणारे चार भाग) वाटलेलं, अडीच-अडीच हजार हंगाम. लिनक्सवर फोर्क झालं (चालू प्रोसेसची कॉपी काढून नवी सुरू केली) की ग्लोबल रँडमची जशीच्या तशी कॉपी प्रत्येक प्रोसेसला जाते, म्हणजे चौघंही तोच पाऊस पाडत होते. जुन्या चार फाइली उघडल्या, शेवटच्या दशांशापर्यंत सारख्या. मागच्या वर्षी बाबाले जो आकडा सांगितला तो दहा हजारांचा नव्हता, अडीच हजार हंगामांचाच होता, ते मनाला लय लागलं.

आता नमपायच्या सीडसिक्वेन्समधून चार वेगळे सीड स्पॉन करतो (एकातून चार काढतो), प्रत्येक प्रोसेसला त्याचा स्वतःचा जनरेटर. आन् सगळ्यात कामाची गोष्ट ही की प्रत्येक फंक्शनला आरएनजी (म्हणजे जनरेटर) बाहेरून द्यायचा, आतमध्ये ग्लोबल रँडमला हातच लावायचा नाही. हे एकदा केलं की पीसीजी काढून फिलॉक्स लावायला एकच ओळ बदलावी लागते. मले हे करायला दोन रात्री गेल्या कारण जुना रँडम सतरा ठिकाणी पसरलेला होता, आन् पूर्णांक काढणाऱ्या रँडइंटचं नाव आता इंटिजर्स, ते शोधत बसावं लागतं.

एक अडचण आहे ती सांगतो. जुन्या रँडमस्टेटचे (म्हणजे जुन्या रँडमचे) आकडे गोठवलेले आहेत, सीड तोच तर आकडे तेच. नव्या जनरेटरची तशी हमी नाही, नमपायची आवृत्ती बदलली तर त्याच सीडवरून वेगळे आकडे येऊ शकतात. म्हणून निकालाच्या फाइलमध्ये सीड, जनरेटरचं नाव आन् नमपायची आवृत्ती तिन्ही लिहून ठेवतो. पासवर्ड-ओटीपीसाठी मात्र यातला एकही वापरू नका, मर्सेन ट्विस्टरचे सलग ६२४ आकडे हातात आले की पुढचे सगळे काढता येतात, त्या कामाला पायथनचं सीक्रेट्स मॉड्यूल आहे.

यंदा पेरणीच्या आधी पीसीजी आन् फिलॉक्स दोन्हीवर तीन-तीन सीड टाकून चालवलं, सहाही उत्तरं एका टक्क्याच्या आत आली, तेव्हाच बाबाले आकडा सांगितला.