३० मिलिमीटर लोअरिंग: काही महिन्यांनंतर अलाइनमेंट आणि टायरची स्थिती

गाडी रोजच्या वापराची हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई). बसवलेले स्प्रिंग ३० मिलिमीटर खाली आणणारे, सोबत त्यांना जुळणारे आखूड स्ट्रोकचे शॉकअब्सॉर्बर. कित्येक महिने चालवल्यावर ठामपणे सांगता येतं की एवढ्या लोअरिंगमध्ये, म्हणजे गाडी खाली आणल्यावर, टायर खातो तो टो, म्हणजे वरून पाहता चाकांचं आत किंवा बाहेर वळलेलं असणं. कॅम्बरला, म्हणजे समोरून पाहता चाकाच्या तिरपेपणाला (मायनस म्हणजे वरची कड आत), उगाच बदनाम केलं जातं.

स्प्रिंग बदलल्यावर पुढचा कॅम्बर मायनस ०.४ डिग्रीवरून मायनस १.१ वर गेला. हा आकडा रोजच्या गाडीला चालतो. त्याच वेळी एकूण टो ०.३५ डिग्री बाहेर गेला होता, कारण चाकाला धरणारा लोअर आर्म आणि स्टिअरिंगकडून चाक वळवणारा टाय रॉड वेगवेगळ्या कमानीत फिरतात. म्हणजे प्रत्येक चाक साधारण ०.१७५ डिग्री तिरपं, आणि किलोमीटरमागे जवळपास ३ मीटर आडवं घासणार. त्यात मायनस कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर. टायर आतून गुळगुळीत होतो आणि बाहेरून नवाकोरा दिसतो, तो यामुळेच.

बसवताना सगळ्यात महत्त्वाचं काम बुशांचं (सांध्यांतल्या रबरी नळ्यांचं), आणि नेमकं तेच घाईत राहतं. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट चाकं लटकलेली असताना नुसते बसते करायचे. शेवटचा टॉर्क (ठरवून दिलेल्या जोराने आवळणं) गाडी स्वतःच्या वजनावर टेकल्यावरच द्यायचा. रबर बुश आतल्या नळीला पक्का चिकटलेला असतो, तो घसरत नाही, पिळला जातो. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलाच राहतो. मग रबराला लवकर भेगा पडतात, आणि तोवर गाडी काही मिलिमीटर उंच उभी राहते. अशा उंचीवर केलेलं अलाइनमेंट टिकणार कसं? बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर आदळू न देणारा रबरी ठोकळा, काढून टाकू नका. स्प्रिंगच्या सूचनेत सांगितलं असेल तेवढाच कापा.

अलाइनमेंट दोनदा करावं लागतं. पहिलं बसवल्याबरोबर, फक्त टो सरळ करण्यापुरतं. दुसरं ५०० ते १००० किलोमीटरनंतर, स्प्रिंग दबून स्थिरावल्यावर. उंची जमिनीपासून मोजू नका, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरची हवा आणि झीज मध्ये येत नाही. मशीनवर चढवण्याआधी हवा बरोबर, डिकी रिकामी. मग क्रम असा: आधी मागची चाकं तपासायची, मग पुढचा कॅम्बर, स्टिअरिंग मधोमध लॉक करून शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं. या गाडीला एकूण टो शून्य ते ०.१ डिग्री आत ठेवला आहे. टाय रॉडचा लॉकनट आवळल्यावर आकडा पुन्हा वाचून घ्या, आवळतानाच तो सरकतो.

डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या डिग्रीहून जास्त फरक असेल तर गाडी कमी मायनस असलेल्या बाजूला ओढते. तिथे कॅम्बर बोल्ट, म्हणजे चाकाचा तिरपेपणा थोडा बदलू देणारा बोल्ट, कामाला येतो. तो मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, त्यामुळे किटसोबत दिलेलाच टॉर्क वापरा आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मागचा बीम लोअरिंगने जवळजवळ बदलत नाही. तिथे आकडा बिघडलेला दिसला तर दोष बहुधा आधीपासूनचा असतो, आणि थोडा असेल तर शिमने (मध्ये घालायच्या पातळ चकतीने) निघतो.

आजची स्थिती: डेप्थ गेजने पाहता पुढच्या टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खाचेत अर्धा मिलिमीटर फरक आहे. हा फरक स्वीकारण्याजोगा आहे. वळणावर गाडी छान बसते. रस्त्यातल्या छोट्या सांध्यांवर दणका जास्त जाणवतो, आणि पाच माणसं बसली की मागचा बंप स्टॉप लागतो, कारण दबण्याची जागाच ३० मिलिमीटरने कमी झाली आहे.

५० मिलिमीटरचा मोह टाळावा. लोअर आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतं, आणि कडक स्प्रिंग असूनही गाडी कलू पाहते. बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे टोक बदलल्याशिवाय ते सुधारत नाही.

हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्या. विंडशील्डमागे ड्रायव्हरला मदत करणारा, गाडीचा स्वतःचा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन (पुन्हा जुळवणी) लागू शकतं. जुन्या काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह सस्पेन्शनच्या दांडीला जोडलेला असतो. गाडी खाली बसली की त्याला डिकी भरलेली वाटते, तो मागे जास्त दाब सोडतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. त्या दांडीची लांबी नव्या उंचीप्रमाणे जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.