१६,४०० किलोमीटरला मागचा टायर उतरवला

माझ्या डॉमिनार ४०० बाईकला फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशलिन रोड ५ टायरची जोडी घातली. मापं गाडीचीच, पुढे ११०/७०, मागे १५०/६०, दोन्ही १७ इंची. पैसे माझ्या महिन्याच्या घरभाड्यापेक्षा जास्त गेले. वडिलांना आकडा सांगितला तर म्हणाले, "एवढ्यात रेडकू आलं असतं."

माझं फिरणं आधी सांगतो, नाहीतर किलोमीटरच्या आकड्याला काही अर्थ नाही. दर पंधरवड्याला पुणे-सांगली-पुणे, बहुतेक वेळा मागे बायको आणि दोन्ही बाजूंना बॅगा. वर्षातून चार-पाचदा कोकण. म्हणजे पाऊण आयुष्य सरळ हायवेवर, ऐंशी-नव्वदच्या वेगात.

दुकानात बसवतानाच घोळ झाला. टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पोराने बघितलाच नाही आणि पुढचा टायर उलटा बसवला. घरी येऊन धुताना माझ्या लक्षात आलं. परत गेलो तर मालक म्हणतो, "चालतंय हो, काय होत नाही." पावसाचं पाणी बाजूला फेकायच्या खाचा त्या बाणाच्या हिशोबाने कापलेल्या असतात. भांडून सुलटा करून घेतला, बॅलन्सिंगही पुन्हा करायला लावलं.

पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवली, नव्या रबरावर तकाकी असते तोवर ते सरकतं. मग जुलैत आंबा घाट. मलकापूर सोडल्यापासून धो धो पाऊस, समोर धुकं, आणि एका वळणावर कुणाच्या तरी ट्रकने सांडलेलं डिझेल, पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलेलं. आधीच्या जोडीवर अशा जागी मागचं चाक चांगलं वीतभर सरकलं होतं आणि बायको साखरप्यापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. या वेळी चाक किंचित हललं आणि लगेच जागेवर आलं. "अहो, आत्ता काय झालं?" एवढंच मागून विचारणं झालं. डिझेलवर कुठलाच टायर धरत नाही, मी वेग कमी ठेवला होता हेही खरं. पण नुसत्या ओल्या डांबरावर ब्रेक दाबताना जो विश्वास वाटतो, त्याचेच मी पैसे दिले.

मागच्या टायरला मधोमध कडक रबर आणि कडांना मऊ. तरीही माझ्यासारख्या हायवेवाल्याचा मधलाच पट्टा घासणार. बारा हजारांपर्यंत काही जाणवलं नाही. नंतर हळूहळू गोलाई जाऊन मधे सपाट पट्टी तयार झाली. खाचांतले टीडब्ल्यूआयचे उंचवटे (टायर किती झिजला हे दाखवणारी खूण) अजून खाली होते, म्हणजे कायद्याने टायर जिवंत. पण वरंधा घाटात गाडी वळणात घालताना आधी अडायची आणि मग एकदम कडेवर पडायची. खाचा मोजत बसलो असतो तर आणखी हजार-दोन हजार निघाले असते. नाही काढले. थोडी चूक माझीही, सामान लादूनही हवा एकट्याचीच ठेवायचो. आता सकाळी टायर थंड असताना पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे भरतो. (पंपावर नायट्रोजनचा आग्रह करतात. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.)

नऊ हजारांच्या आसपास कराडजवळ खिळा घुसला होता. ट्यूबलेस असल्याने हवा हळूहळू गेली, गाडी हातातून सुटली नाही. रस्त्याकडेच्या माणसाने भोकात पंक्चरची दोरी घालून दिली, ती शेवटपर्यंत टिकली.

पुढचा टायर अजून निम्मा शिल्लक आहे, तो ठेवलाय. मागे पुन्हा हाच घेतला, फक्त बाजूवरचे चार अंक बघून. आत्ता उतरवलेल्या टायरवर ३४२२ होतं, म्हणजे २०२२ च्या ३४ व्या आठवड्यात बनलेला. दुकानदाराने पहिल्यांदा काढून दिलेला दोन वर्षं जुना निघाला, तो परत आत पाठवला. आणि बाण? तो या वेळी मी पोराच्या हातात टायर देण्याआधीच पांढऱ्या खडूने रंगवला.