हिरड्याच्या अर्काने आंब्याची फळी साग होत नाही

संगमेश्वरजवळच्या आमच्या जुन्या घराचा माळा नवा करायचा होता. मेस्त्रींनी सागाचा हिशेब दिला आणि आम्ही गप्पच झालो. त्याच आठवड्यात ओळखीतून एक माणूस आला. म्हणाला, "काका, साग कशाला? आंब्याच्या फळ्या घ्या. हिरडा, बाभूळ नि ऐनाच्या सालीचा अर्क मारून देतो. वीस वर्षं वाळवी फिरकणार नाही. विष नाही, केमिकल नाही." घरात दीड वर्षाची नात. ते शेवटचं वाक्य आम्हाला पटलं.

त्याने वाटीत तपकिरी अर्क ओतला आणि चिमूटभर हिराकस (लोखंडाचा क्षार) टाकला. क्षणात पाणी शाईसारखं काळं झालं. "बघा ताकद!" मी थेंबभर अर्क जिभेला लावून पाहिला, कच्च्या सुपारीसारखा तुरट. माझ्या बोटावरचा काळा डाग दोन दिवस निघाला नाही.

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर फसलो. टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, आणि लोखंड एकत्र आले की काळं होतंच, पूर्वी हिरड्याची शाई अशीच करत. पण त्यावरून कळतं ते इतकंच की वाटीत टॅनिन आहे. ते फळीत किती खोल उतरलं, पावसात टिकेल का, वाळवी त्याला भिते का, यातलं काहीच वाटी सांगत नाही. एका दुपारी ब्रशने दोन हात मारून तो ३८,००० रुपये रोख घेऊन गेला. बिल नाही, साध्या कागदावर 'गॅरंटी' तेवढी लिहून दिली.

जुलैत एक कौल सरकलं. जिथे पाणी झिरपलं तिथे चुन्याच्या भिंतीवर कातासारखे ओघळ उतरले आणि फळ्यांवरच्या खिळ्यांभोवती काळी कडी उमटली. दिवाळीनंतर भिंतीवरून मातीच्या नळ्या वर चढताना दिसल्या. मी फळीवर अंगठा दाबला तर तो आत गेला. वरचा तपकिरी पापुद्रा शाबूत आणि आत नुसती माती. तोवर त्याचा फोन बंद झाला होता.

कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या सालीत जाळी उकळत आले, असं तो सांगायचा. जयगडच्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांना मी विचारलं. ते म्हणाले, "सुताची जाळी होती तेव्हा. पण एकदा करून भागत नव्हतं. दर्याने साल धुऊन नेली की पुन्हा उकळायची." म्हणजे टॅनिन पाण्यात विरघळतं, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय जाळ्याचा शत्रू कुजणं. वाळवीचा तिथे प्रश्नच नव्हता.

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही ती टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे, टॅनिन लावल्याने आंब्यात ती येत नाहीत. टॅनिनवर खरं काम झालं आहे, ते बोरॉनबरोबर लाकडात दाबाने भरून, ते घट्ट करणारं हेक्सामिन घालून, उष्णतेने पक्कं करून. नुसता ब्रश फिरवला तर रस पृष्ठभागापाशीच राहतो.

म्हणून कळकळीने सांगतो. फळ्या घ्याल तर आयएस ४०१ या भारतीय मानकाप्रमाणे दाबप्रक्रिया केलेल्या घ्या आणि तसं बिलावर लिहून घ्या. वाळवी बहुधा जमिनीतून येते, तेव्हा जोत्याच्या मातीवरही उपाय हवा, त्यासाठी आयएस ६३१३ आहे. वाळवीनाशक म्हणून डबा दाखवला तर त्यावरचा नोंदणी क्रमांक बघा. फसलात तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पण हातात बिलासारखा पुरावा लागतो. माझ्याकडे बिल नव्हतं.

आणि पैसे देण्याआधी अर्क लावून वाळवलेल्या फळीची एक ढलपी मागून घ्या. मी माझ्या फळीची ढलपी काचेच्या पेल्यात, पाण्यात रात्रभर ठेवली. सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं आणि ढलपी पांढरी.