पोलीस परवानगीसकट पॅकेज देणाऱ्यापासून सांभाळा राजेहो

नागपुरात कोणी शॉर्ट फिल्म करून राहिला असेल आन त्यात बंदुकीचा सीन असेल तर हे वाचाच.

हिंगणा रोडला एका बंद गोडाऊनमध्ये आमचं दोन रात्रीचं शूट होतं. सीताबर्डीला चहावर ओळखीच्यानं एक भाऊ गाठून दिला, म्हणे मुंबईच्या सिरियलवाल्यांना माल पुरवतो. पोलीस परवानगी, इन्शुरन्स आन दोन डमी पिस्तुलं, सगळं मिळून 28,000. मी घासाघीस करून 25 वर आणलं आन एवढा खुश झालो की घरी बायकोलाही सांगितलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र आलं, गोल शिक्का, लफ्फेदार सही. इन्शुरन्सच्या पीडीएफचं पहिलं पान पाहिलं, बाकी कोण वाचते.

पहिल्याच रात्री बाजूच्या वॉचमननं बंदुका पाहिल्या आन सरळ 112 लावला (त्याची काहीच चूक नाही, मीही तेच केलं असतं). गाडी आली, मी रुबाबात मोबाईलवर पत्र दाखवलं. हवालदार साहेब म्हणाले, "काऊन रे, जावक नंबर कुठाय? आन सही केलेले साहेब तर मागच्या वर्षीच बदलून गेले."

मग त्यांनी पिस्तुलं पाहिली. एक फायबरचं, ते ठीक. दुसरं जड होतं, आम्हाला वाटलं भारी प्रॉप दिला. त्यांनी नळी खाली मोडली तर आतून छर्रा पडला. एअर पिस्तूल होतं बे ते! आन दहा मिनिटांआधी आमच्या हिरोनं तेच माझ्या मावसभावाच्या कपाळाला टेकवून तीन टेक दिले होते, फक्त खटका दाबायचा शॉट बाकी होता. मी तिथंच खाली बसलो.

1993 मध्ये हॉलिवूडचा हिरो ब्रँडन ली शूटिंगमध्ये असाच गेला, नळीत अडकलेला गोळीचा तुकडा ब्लँकच्या (नुसत्या बारुदाच्या, बिनगोळीच्या काडतुसाच्या) जोरानं बाहेर आला. 2021 ला शूटिंगमध्येच हॉलिवूडचा नट अ‍ॅलेक बाल्डविनच्या हातातल्या बंदुकीत खरी गोळी निघाली आन कॅमेरा सांभाळणारी हलिना हचिन्स गेली. त्या सेटवर बंदुकांसाठी वेगळी आर्मरर होती तरी. आमच्याकडे स्पॉटबॉय, तोच चहा पण आणायचा.

सकाळी इन्शुरन्सच्या टोल फ्रीवर फोन केला तर पॉलिसी नंबर कोणाच्या तरी स्कूटीचा. बिलावरचा जीएसटी नंबर 14 च अक्षरांचा, खरा 15 चा असते अन् महाराष्ट्राचा 27 नं सुरू होते, जीएसटीच्या साइटवर टाकला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. भाऊचा फोन बंद. 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) तक्रार दिली, पण पैसे देऊन आठवडा झाला होता, खातं रिकामं.

आता अर्ज घेऊन मी स्वतः ठाण्यात गेलो, सोबत गोडाऊन मालकाचं पत्र, तारीख-वेळ, बंदुकांचे फोटो, आन आवकचा शिक्का मारून पोच घेतली. बंदुका दोन्ही रबराच्या, धूर-आवाज एडिटिंगमध्ये टाकू. मावसभावाला रबराची वाकवून दाखवली, तरी म्हणते आधी तू स्वतःच्या कपाळाला लावून खटका दाब.