बीटलची हेडं: सीटचं काम चोख, फिन्सकडे डोळेझाक

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमधून फोक्सवॅगन बीटलच्या १६०० सीसी इंजिनाची ड्युअल-पोर्ट (प्रत्येक सिलिंडरला वेगळी इनलेट वाट असलेल्या) हेडांची, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणांची, जोडी रीकंडिशन होऊन आली. शॉपचं नाव मुद्दाम देत नाही. पाण्याने गार होणाऱ्या इंजिनांवर हात बसलेला कुठलाही मिस्त्री एअर-कूल्ड (हवेने गार होणाऱ्या) हेडावर खाली दिलेल्याच चुका करतो. थोडक्यात सांगायचं तर गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आणि सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) यांचं काम इथे बिनधास्त द्यावं, पण फेस (सिलिंडर टेकतो ती बाजू) आणि फिन्स (हेड गार ठेवणारे पातळ पंख) स्वतः तपासल्याशिवाय हेड इंजिनावर चढवू नये.

आधी जमेची बाजू. काम हातात घेण्यापूर्वी त्यांनी डाय पेनेट्रंट (तड्यात शिरणारा रंग) मारून तडे शोधले. या हेडाला तडा जातो तो बहुतेक वेळा स्पार्क प्लगच्या भोकापासून एक्झॉस्ट सीटकडे किंवा दोन सीटांच्या मधल्या पट्टीत. तिथे खोल तडा असेल तर नवी सीट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण गरम झालं की ती सैल पडते. ही जोडी त्यातून सुटली.

नवी गाईडं सरळ बसली आहेत आणि रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) नीट फिरवलेला आहे. तपासायची रीत सोपी आहे. व्हॉल्व्हची दांडी गाईडच्या टोकाशी समपातळीत आणायची, व्हॉल्व्हच्या डोक्याला डायल गेज लावायची आणि डोकं हलवून बघायचं. नव्या गाईडमध्ये हा खेळ इनलेटला ०.२१ ते ०.२३ मिमी आणि एक्झॉस्टला ०.२८ ते ०.३२ मिमी असावा, ०.८ मिमीला गाईड बाद. इथे चारही इनलेट आणि चारही एक्झॉस्ट मापात निघाले. सीट ४५ अंशांत कापून वर १५ आणि खाली ७५ अंशांचा कट दिला आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती पट्टी इनलेटला दीड मिमीच्या आसपास आणि एक्झॉस्टला थोडी जास्त रुंद आली. एक्झॉस्टची पट्टी उगाच बारीक करायची नसते, कारण व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता तिच्यातूनच हेडात जाते. पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवलं, एक थेंबही चेंबरमध्ये (इंधन जळतं त्या पोकळीत) उतरला नाही.

मात्र एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जुनेच मशीनवर घासून परत बसवले होते. इनलेटला ते चालतं, एक्झॉस्टला नाही. वर्षानुवर्षं तापलेल्या व्हॉल्व्हची मान ताणली जाते आणि एक दिवस डोकं तुटून पिस्टनवर पडतं. जुन्या रचनेत तीन नंबरचा सिलिंडर याला कुप्रसिद्ध, कारण पंख्याच्या आवरणातला ऑइल कूलर नेमका त्याच्या हवेच्या वाटेत उभा असतो. ड्युअल-पोर्ट इंजिनाबरोबर कूलर मागे सरकवला गेला, तरी जुना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुन्हा वापरणं ही काटकसर नव्हे. नवे आठ मिळत नसतील तर निदान चार एक्झॉस्ट तरी नवे घ्यावेत.

खरी गडबड फेसमध्ये. या इंजिनात हेड गॅस्केट नाही. सिलिंडरचं तोंड हेडातल्या खाचेत थेट टेकतं, धातूवर धातू. एका हेडात दोन खाचा, म्हणून दोन्हींची खोली तंतोतंत एक हवी. शॉपने खाचा वेगवेगळ्या सेटिंगवर कापल्या आणि डेप्थ गेजवर एका हेडात ०.०८ मिमीचा फरक आला. जी खाच जास्त खोल, तिथला सिलिंडर कमी दाबला जातो, गॅस निसटतो आणि फिन्सवर काजळीचा ओघळ उठतो. परत पाठवल्यावर त्यांनी कुरकुर न करता दोन्ही खाचा एकाच सेटिंगवर कापून दिल्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

पण दुसऱ्या कटाने चेंबर आणखी लहान झालं आणि ते कोणी मोजलंच नाही. मोजायला फार काही लागत नाही. प्लग आणि व्हॉल्व्ह बसवा, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवा आणि ब्युरेटने रंगीत रॉकेल सोडा. मूळ चेंबर ५० सीसीच्या घरात असतं, इथे ४६ भरलं. ८५.५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ६९ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि १.३ मिमी डेक (पिस्टन वर असताना तो आणि सिलिंडरचं तोंड यांतलं अंतर) धरलं तर ५० सीसीला कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) ७.९ येतं, ४६ सीसीला ८.४. साध्या गाडीत, घाटात, मे महिन्यात हा अर्धा आकडा हेडाला तापवतो. उपाय म्हणजे चारही सिलिंडरांखाली ०.५ मिमीची शिम (पातळ चकती). प्रत्येकी जवळजवळ २.९ सीसी परत मिळतात.

फिन्सची गोष्ट अशी की ओतकामातली पातळ पापडी अनेक हेडांत प्लगजवळच्या फिन्समध्ये तशीच राहून गेलेली असते. खालून टॉर्च धरला तर वरून उजेड दिसायला हवा. इथे दोन ठिकाणी अंधार होता. लांब ड्रिल आणि बारीक कानशीने पापडी काढायला प्रत्येक हेडाला तासभर लागतो. शॉपने ते केलं नाहीच, उलट वरून चंदेरी रंगाचा जाड थर दिला! रंग म्हणजे फिन्सवर पांघरूण. थिनरने तो उतरवावा लागला. बीड ब्लास्टिंगचे (बारीक मणी मारून केलेल्या सफाईचे) मणी एक्झॉस्ट स्टडच्या आट्यांत आणि गाईडांत अडकलेले होते. साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, हवा मारून मगच जुळणी करावी.

बसवताना पुशरॉड ट्यूब (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या नळ्या) आधी १९० ते १९१ मिमीपर्यंत ताणाव्यात आणि त्यांची शिवण वर ठेवावी. नट पहिल्या फेरीत १० न्यूटन-मीटरला, मग १० मिमी स्टडला ३२ आणि ८ मिमी स्टडला २५. त्यापुढे एकही झटका नको, क्रँककेस मॅग्नेशियमची आहे आणि आटे स्टडबरोबर बाहेर येतात. व्हॉल्व्हची (रॉकर आणि दांडीमधली) फट गार इंजिनावर ०.१५ मिमी. एखाद्या एक्झॉस्टची फट वारंवार कमी होऊ लागली तर नुसती फट वाढवून गाडी पळवत राहू नये. व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा सीट खाली बसतेय, हेड लगेच उतरवावं.

याच शॉपमध्ये पुन्हा काम द्यायला हरकत नाही. फक्त जॉबकार्डावर चार ओळी लिहून सही घ्यावी: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, दोन्ही खाचा एकाच सेटिंगवर, चारही चेंबरचं माप लिहून, आणि रंग अजिबात नाही.