विवेकनिष्ठ मानसोपचाराची सेशन्स (पुणे): ५ पैकी ४ स्टार

आधीच सांगतो, सेंटरचं नाव टाकत नाहीये. मी अजून तिथे जातो, आणि तिथल्या थेरपिस्ट मॅडमनी हे वाचून पुढच्या सेशनला त्यावरच चर्चा काढली तर पाऊण तासाचे १५०० रुपये त्यातच जायचे. कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, खाली टू-व्हीलर कशीबशी लागते, कार आणूच नका.

माझी तक्रार काही फार मोठी नव्हती पण नोकरीवर यायला लागली होती. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की पोटात गोळा, घशाला कोरड, काम सगळं मी केलेलं आणि प्रेझेंटेशन द्यायला ज्युनियरला पुढे करायचो. आधी एका ॲपवर ऑनलाइन कौन्सेलिंग घेतलं. तिथल्या ताईंनी सुरुवातीलाच सांगितलं की विश्वाला पॉझिटिव्ह संदेश पाठवत जा, मग लग्न झालंय का, मुलं किती, मिसेस काय करतात, आणि मिसेस नोकरी करतात म्हटल्यावर निदान तयारच होतं, घरात ओढाताण होत असणार म्हणून कॉन्फिडन्स गेलाय. आता माझ्या बायकोच्या नोकरीचा आणि माझ्या क्लायंट कॉलचा काय संबंध हो? ती त्यांची घरची मतं होती, थेरपी म्हणून पैसे घेऊन ऐकवत होत्या. पॅकेजचे उरलेले पैसे परत मिळाले नाहीत ते वेगळंच.

म्हणून या सेंटरला फोन केला तेव्हा पहिलं हेच विचारलं की तुम्ही कुठल्या पद्धतीने काम करता. तुम्हीपण विचारा, लाजू नका, कारण तक्रार तीच असली तरी समोरचा कुठल्या थिअरीत वाढलाय त्यावर तुम्हाला काय विचारलं जाणार हे ठरतं. फ्रॉइड, रॉजर्स, एलिस ही थेरपीच्या वेगवेगळ्या पद्धती काढणारी मंडळी. फ्रॉइडच्या वळणाचा असेल तर लहानपण निघणार, वडील कडक होते का वगैरे. रॉजर्सवाला शांतपणे ऐकून घेणार. एलिसवाला थोड्याच वेळात विचारणार, 'बरं, फजिती झाली, मग पुढे काय?' १९६५ ची एक जुनी फिल्म आहे ज्यात कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस एकाच बाईशी आळीपाळीने सेशन घेतात, ती बघितलीत तर मी काय म्हणतोय ते लगेच कळेल, बाई तीच पण तिघांसमोर तीन वेगळ्याच गोष्टी निघतात.

इथल्या मॅडम एलिसवाल्या. आरईबीटी, मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार. आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी हे रुजवलं, एलिसशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता, त्यामुळे या पद्धतीवर मराठीत वाचायला भरपूर आहे. एलिस स्वतः आधी सायकोॲनालिसिसच, म्हणजे फ्रॉइडचीच पद्धत, करायचा, पण पेशंटला सगळं कळूनही फरक पडत नाही म्हणून वैतागला आणि १९५५ च्या सुमाराला स्वतःची पद्धत काढली. मूळ म्हणणं एपिक्टेटस नावाच्या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाचं, की माणसाला घटना त्रास देत नाही, घटनेबद्दलची त्याची समजूत देते.

प्रत्यक्षात काय करतात? साधी दोनशे पानी वही आणायला लावतात, पानावर ए, बी, सी असे तीन रकाने. ए मध्ये काय घडलं, सी मध्ये काय वाटलं आणि काय केलंत. हे दोन्ही मी फटाफट भरले. मधला बी रिकामा. मॅडम म्हणाल्या, 'त्या क्षणी मनात काय वाक्य आलं ते लिहा, शहाणपणाचं नको, खरं.' बराच वेळ पेन फिरवत बसलो आणि शेवटी लिहिलं, 'मी अडखळलो तर सगळ्यांना कळेल की याला काही येत नाही.' आणि खाली अजून एक, 'चारचौघात हसं झालं की माणूस संपला.' हे दुसरं शब्दशः आमच्या बाबांचं! त्यावर मॅडमनी बाबांचा विषय अजिबात खोदला नाही, एवढंच विचारलं, 'कोण संपलेलं पाहिलंय तुम्ही असं?' मी आठवत बसलो, एक नाव सुचेना.

मग होमवर्क. इथे बरेच जण सोडून जातात म्हणे. बसमध्ये उभं राहून मोठ्याने स्टॉपची नावं पुकारायची. हे एलिसचंच जुनं औषध, लाज वाटेल असं काहीतरी मुद्दाम करायचं आणि बघायचं की आकाश कोसळतं का. तो स्वतः १९ वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा म्हणून न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसलेल्या शंभरेक बायकांशी जाऊन बोलला होता, असं तोच सांगायचा. तर मी पीएमपीएमएलमध्ये, भर गर्दीत, कान लाल झालेले, 'डेक्कन आलं, डेक्कन!' दोघं-तिघं वळले, एकाने हेडफोन काढून परत घातला, आणि एक काकू म्हणाल्या, 'अहो, नळस्टॉपला सांगाल का मला?' सांगितलं. त्या उतरतानाही थँक्यू म्हणून उतरल्या.

मला जास्त आवडलं ते दुसरंच. मी दत्ताचा गुरुवार करतो. एलिस पक्का नास्तिक, एके काळी तर कट्टर धार्मिकता आणि मानसिक त्रास हातात हात घालून असतात असंच म्हणायचा, पुढे बराच मवाळ झाला आणि धार्मिक थेरपिस्टांबरोबर पुस्तकपण लिहिलं. त्यामुळे मी भीत भीतच विचारलं, 'मॅडम, उपास चालेल ना?' त्या हसल्या. 'खुशाल करा. फक्त उपास मोडला म्हणून प्रेझेंटेशन बिघडणार असं मनात येतं का, ते वहीत लिहा.' येत होतं की! त्यांचा स्वतःचा देवावर विश्वास आहे की नाही हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि त्या ॲपवाल्या ताईंच्या अनुभवानंतर मला हीच गोष्ट सगळ्यात प्रोफेशनल वाटते.

एक स्टार कशाचा कापला ते पण सांगतो. मधे माझी मावशी गेली, मी तिच्याचकडे वाढलेलो, आणि त्या आठवड्यातही मॅडमनी सवयीने रकाने काढले. मला ते फार कोरडं वाटलं. दुःख झालंय, त्यात चुकीची समजूत कसली शोधायची? (एलिसच्या थिअरीतही दुःख होणं रास्तच मानतात, पण त्या दिवशी ते पोचलं नाही.) तसं तोंडावर सांगितलं, त्यांनी वही मिटली आणि नुसतं ऐकलं. म्हणजे जमतं त्यांना, पण सांगावं लागलं. शिवाय वेटिंगमध्ये आतला आवाज येतो, पार्टिशन प्लायचं आहे, आणि वेळ कायम पंधरावीस मिनिटं पुढे सरकते.

कुठली थेरपी बाकीच्यांपेक्षा भारी, यावर माहिती असलेली मंडळी ही पद्धत निघायच्या आधीपासून, १९३६ पासून भांडतायत. तेव्हाच सॉल रोझेनझ्वाइग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लिहिलेलं की वेगवेगळ्या थेरप्यांचा गुण साधारण सारखाच येतो, कारण त्यांच्यात समान असलेल्या गोष्टीच काम करत असतात. मला वाटतं मला वाद घालायला आवडतं म्हणून हे लागू पडलं. माझ्या एका मित्राला इथेच पाठवलं, तो म्हणाला, 'बाई उलटतपासणी घेतात रे,' आणि परत गेलाच नाही.

जाणार असाल तर: कौन्सेलरची पाटी कोणीही लावतं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन नंबर मागा, इथे भिंतीवरच लावलाय. गोळ्या इथे मिळत नाहीत, त्याला सायकियाट्रिस्ट लागतो, आणि गरज वाटली तर मॅडम स्वतःच पाठवतात. फी परवडत नसेल किंवा रात्रीबेरात्री फारच त्रास होत असेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात. कॅन्सल करायचं तर आदल्या दिवशी, नाहीतर पूर्ण फी. शनिवारचा स्लॉट विसरा, मंगळवारी नाहीतर बुधवारी सकाळी विचारा.